दोन लाख किलोमीटर चाललेली सात सीटर मुंबईत घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात माणसं सहा-सात, गणपतीला गावी जायचं, आणि खिशात चार-पाच लाख. एवढ्या पैशात नवी मोठी गाडी येत नाही, जुनी येते, आणि जी येते ती भरपूर चाललेली असते. मी स्वतः २०११ची इनोव्हा १,९२,००० किलोमीटरवर घेतली. तेव्हापासून भावकीत, ऑफिसात, सोसायटीत कुणी जुनी गाडी बघायला निघालं की मला सोबत नेतात. दरवेळी प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

दोन लाख म्हणजे गाडी संपलीच ना?

नाही. किलोमीटर किती हे सगळेच विचारतात, ते कुठे पडले हे कुणी विचारत नाही. साधा हिशोब करा. नाशिक-मुंबई ये-जा करणारी गाडी सरासरी ताशी ६०ने चालली असं धरलं, तर १,८०,००० किलोमीटरला इंजिन ३,००० तास चाललं. अंधेरी-लोअर परळ रोज करणारी गाडी सरासरी ताशी २०ने जाते (पावसात तीही नाही), म्हणजे ८०,००० किलोमीटरला ४,००० तास. मीटरवर निम्म्याहून कमी आकडा, पण इंजिन हजार तास जास्त चाललंय. वर क्लच हजारो वेळा जास्त दाबला गेला, एसी सिग्नलला उभ्या गाडीत चालला, आणि खड्डे आपल्या महानगरीचे.

हायवेवर एका गिअरमध्ये, एका वेगात चाललेलं डिझेल इंजिन वेळेवर ऑइल मिळालं तर दोन लाखांना दमत नाही. माझ्या गाडीचे पहिले मालक नाशिकचे व्यापारी. त्यांच्याकडे बिलांची फाइल होती, लग्नपत्रिकांच्या पाकिटात तारखेवार लावलेली. मी खरं तर ती फाइलच विकत घेतली, गाडी तिच्याबरोबर आली.

आणि बिलंच नसतील तर?

तर दुसरी गाडी बघा. "सगळं कंपनीत केलंय, बिलं ठेवली नाहीत" असं म्हणाले, तर नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून हिस्टरी मागवायला सांगा. मालक बरोबर असेल तर बहुतेक ठिकाणी मिळते. बाहेरच्या गॅरेजात केलं असेल तर त्या मेकॅनिकशी बोलू द्यावं. दोन्हीला टाळाटाळ झाली की चहा प्यायचा आणि निघायचं.

मीटर मागे केलाय हे कसं ओळखायचं?

डिजिटल मीटर फिरवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, त्यामुळे आकड्यावर विश्वास नको, झिजेवर ठेवा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग, गिअरचा नॉब, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू. ५५,००० किलोमीटरच्या गाडीत पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. उलट सगळ्या जुन्या गाडीत पेडलची रबरं तेवढी कोरी करकरीत दिसली तर जास्तच संशय घ्या.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. गाडी २०१४ची, मीटर ३५,००० आणि टायर २०१९चे, तर मूळचे टायर कुठे झिजले? ऑइल बदलल्यावर दाराच्या आत किंवा बॉनेटखाली चिकटवलेला स्टिकर राहिलाय का तेही बघा. मीटर फिरवणारे कधीकधी तो काढायला विसरतात. स्कॅनर असलेला मेकॅनिक नेलात तर काही गाड्यांच्या दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्ये खरे किलोमीटर सापडतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. इनोव्हाच्या आधी मी एक "७८,००० चाललेली" एसयूव्ही जवळजवळ घेतली होती, टोकन देऊन. नंतर सर्व्हिस हिस्टरी आली, त्यात तीन वर्षांपूर्वीच १,४०,०००. टोकनचे १०,००० परत मिळाले नाहीत. तरी स्वस्तात सुटलो असंच मी समजतो.

चार-पाच लाखांत नेमकी कोणती?

इनोव्हा (२००५ ते २०१६चं जुनं मॉडेल, अडीच लिटर डिझेल): सगळ्यांना हीच हवी असते, म्हणून भाव टिकून आहे. त्याच पैशात दुसरी गाडी दोन-तीन वर्षं नवी मिळते. पण हिचं इंजिन आणि सस्पेन्शन समजणारा मेकॅनिक मुंबईतच काय, कणकवलीतही मिळतो. एकच गोष्ट पक्की विचारा: टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) कधी बदलला? या इंजिनात चेन नाही, बेल्ट आहे. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह-रॉकरपर्यंत काम जातं आणि खर्च चांगलाच बसतो. बिल दाखवलं नाही तर बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे भावातून कमी करा. २०१६ला आलेल्या क्रिस्टात चेन आहे, पण चांगली क्रिस्टा या बजेटमध्ये येत नाही. कुणी देत असेल तर का देतोय ते शोधा.

स्कॉर्पिओ: शिडीसारख्या चासीवर बांधलेली, दणकट, पार्ट सगळीकडे. एमहॉक (महिंद्राचं नंतरचं डिझेल) इंजिनची घ्या. गाडी वळणावर डोलते, मागच्या आडव्या सीटवर बसून घाट उतरलेलं माणूस पुन्हा त्या सीटवर बसत नाही. वयस्कर आईवडील असतील तर त्यांना आधी चढून बघायला सांगा. माझ्या मावशीला पायरी जमली नाही आणि सौदा तिथेच संपला.

एक्सयूव्ही ५००: २०११ला आली तेव्हा पैशाच्या मानाने भरपूर गाडी होती, जुन्या बाजारातही आहे. पण बटणं, सेन्सर, स्क्रीन जास्त, आणि सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत तेच जास्त तपासायचं. इंजिन चांगलं आणि इलेक्ट्रिकल हैराण करणारं, असं दुखणं मेकॅनिकलाही आवडत नाही.

अर्टिगा: "मोठी" म्हणायला थोडी लाजते. पण मुंबईत राहून वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या घराला खरी उपयोगी हीच. २०१२पासून आहे. तिसऱ्या रांगेत मुलं बसतात, मोठी माणसं पुण्यापर्यंत सहन करतात.

टवेरा: भाव बघून मन जातं. कंपनीने भारतातली विक्री २०१७च्या शेवटी थांबवली. मेकॅनिकल पार्ट अजून मिळतात, पण दाराचा एखादा हँडल शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तुमचा शनिवार जाईल.

आणि चार-पाच लाखांत जर्मन एसयूव्ही? गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. ४० लाखांची गाडी ५ लाखांत मिळाली तरी तिचं सस्पेन्शन ४० लाखांच्या गाडीचंच असतं. पांढरा हत्ती दारात बांधायचा तर आधी त्याच्या चाऱ्याचा भाव विचारून या.

बजेट पाच लाख आहे. पाचची गाडी बघू?

चारची बघा. उरलेला लाख गाडीच आहे, फक्त तो गॅरेजात द्यायचा आहे. माझ्या इनोव्हाला पहिल्या चार महिन्यांत टायमिंग बेल्ट, क्लच, पुढचे लोअर आर्म, चार टायर आणि बॅटरी असं मिळून ९४,००० लागले. गाडी खराब नव्हती, दोन लाखांच्या आसपास ही कामं येतातच. कुणी आधीच केली असतील तर भाव जास्त सांगू दे, बिल बघून द्या. जे लोक पाचची गाडी पाचात घेतात ते नंतर "जुनी गाडी म्हणजे डोकेदुखी" असं सांगत फिरतात.

डिझेल, पेट्रोल की सीएनजी?

महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या वर होत असेल तर डिझेल. त्याच्या खाली पेट्रोल किंवा सीएनजी बघा. हा माझा अंदाज आहे, तुमच्या घरच्या इंधनाचं बिल मांडून बघा. अडचण अशी की मोठ्या जुन्या गाड्या बहुतेक डिझेलच असतात. सीएनजी असेल तर तीन गोष्टी बघा: आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) नोंद आहे का, सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची चाचणी झालीय का, आणि सिलिंडर ठेवल्यावर बॅगा ठेवायला जागा उरते का. सात माणसं, सात बॅगा आणि मागे सिलिंडर हे गणित गावी जाताना सुटत नाही.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल मिळाली तर सावध. तिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर पळावी लागते. फक्त शहरात रखडलेल्या गाडीत तो तुंबतो, आणि बदलायचा म्हटलं तर महाग आहे.

दिल्लीची गाडी लाखाने स्वस्त मिळतेय.

मिळणारच. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५मध्ये हरित लवादाने बंदी आणली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, तेव्हापासून तिथल्या जुन्या गाड्या देशभर उतरल्या. गाडी वाईटच असेल असं नाही, तिथे किनाऱ्यासारखा गंजही नसतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर, एजंट, चकरा हे सगळं धरा, आणि मग वाचलेला लाख मोजा. एनओसी हातात नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.

एमएच-१२ किंवा एमएच-१५ असेल तर?

काही बिघडत नाही. महाराष्ट्रातलीच गाडी, नंबर तोच राहतो, टॅक्स पुन्हा नाही. आरटीओ वेगळं असल्याने मूळ आरटीओची एनओसी लागू शकते, एवढंच. मी तर मुंबईकरांना सांगतो, गाडी नाशिक-पुण्याकडे शोधा. एमएच-०१, ०२, ०३ आणि ४७वाल्या गाड्यांनी मुंबईचा पाऊस आणि मुंबईचे सिग्नल दोन्ही खाल्लेले असतात.

मुंबईत डिझेल बंद होणार म्हणतात. आणि पंधरा वर्षांनंतर काय?

हवेच्या प्रदूषणाच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याबद्दल सरकारला विचार करायला सांगितलं आणि सरकारने समिती नेमली. म्हणून दहा वर्षं वापरायच्या हिशोबाने जुनी डिझेल घेऊ नका. चार-पाच वर्षांचा हिशोब धरा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, वर पर्यावरण कर लागतो. चारचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून ६००ची ५,००० झाली. म्हणून २०११-१२ची गाडी बघताना आरसीवरची मुदत आधी वाचा. सहा महिन्यांवर मुदत आलेली गाडी "अर्जंट" विकायला निघते, आणि अर्जंटचं कारण तेच असतं.

टूरिस्टमध्ये चाललेली घ्यावी का?

पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्यावर आणता येते. परमिट जमा करायचं, टॅक्सचा फरक भरायचा, कागद बरेच. मला अशी गाडी चालते, एका अटीवर: मालक स्वतः चालवणारा हवा. पाच ड्रायव्हर बदलून चाललेल्या गाडीला कुणाचीच माया लागलेली नसते.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

मुंबईकराने हे शिकायलाच हवं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, त्या गाड्या आता बाजारातून गेल्या. पण २९ ऑगस्ट २०१७च्या अजून फिरतायत, आणि दरवर्षी हिंदमाता, मिलन सबवे, कुर्ला भागात, सोसायट्यांच्या तळघरात नव्यांची भर पडते.

सगळे सीटबेल्ट टोकापर्यंत बाहेर ओढा, मधल्या आणि मागच्या रांगेचेसुद्धा. विकणारा गाडी आतून धुतो, पण बेल्टचं गुंडाळलेलं टोक बाहेर काढून धूत नाही. तिथे मातीची रेघ दिसली की बस. मग सीटच्या रुळांखालचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्ट्या, स्टेपनीची जागा, हेडलाइटच्या आतला गढूळपणा. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम बोटांनी दाबा. फ्यूज बॉक्स उघडा, हिरवट बुरशीसारखी पूड असेल तर ते गंजलेलं तांबं. आणि गाडीत शिरल्यावर अत्तराचा फारच घमघमाट आला तर काचा बंद करून उन्हात अर्धा तास उभी करा, मग दार उघडून नाक लावा.

काकांनी असाच एक सौदा केला होता. उपनगरातला विक्रेता, "एकदम टकाटक", काचेसारखी चमक. दिवाळीला घेतली, होळीपर्यंत दारांची लॉकं आपोआप उघडझाप करायला लागली. वायरिंगच्या गाठीत पाणी मुरलं होतं. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाजारात आलेल्या चकचकीत गाड्यांकडे मी दुप्पट संशयाने बघतो.

गंज किती चालतो?

समुद्राच्या हवेत थोडा येणारच. दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी हे चालतं, डेंटर करून देतो. चासीवर, सस्पेन्शन बसतं तिथे किंवा पायदानाच्या पोकळ पट्टीत पोपडे आले असतील, स्क्रूड्रायव्हरने टोकरल्यावर पत्रा आत जात असेल, तर नको. खाली नवीन काळा थर मारलेला असेल तर तो कशावर मारलाय ते मेकॅनिकला रॅम्पवर बघू द्या.

टेस्ट ड्राइव्ह कुठे आणि कशी घ्यायची?

आधी फोनवर सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर सकाळची पहिली स्टार्टिंग त्यांना तुम्हाला दाखवायची नाहीये. थंड डिझेल इंजिन एका-दोन सेकंदात पकडलं पाहिजे. सुरुवातीचा थोडा धूर माफ, नंतर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटची शंका घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून वर ठेवा. ते नाचायला लागलं, वाफेचे झोत आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.

मग सोसायटीभोवती एक चक्कर मारून परत यायचं नाही. निदान २५ किलोमीटर हवे, त्यात थोडं ट्रॅफिक, थोडा मोकळा रस्ता आणि एक खरा चढ. मी मुलुंडकडून एलबीएस रोडच्या गर्दीतून ठाण्याला नेतो आणि येऊरचा चढ किंवा घोडबंदरचा गायमुख घाट चढवतो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज वाढला पण गाडीने वेग धरला नाही, तर क्लच गेला. काळा धूर आणि ताकद कमी, तर टर्बो किंवा इंजेक्टर बघायचे. उताराला ब्रेकमध्ये स्टिअरिंग थरथरतं का बघा.

गाडीत माणसं भरून न्या. एकट्या ड्रायव्हरला सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. मागचा एसी दुपारी दोन वाजता तपासा, तोही तिसऱ्या रांगेत स्वतः बसून. रेडिओ बंद. विकणारा फार बोलत असेल तर त्याला मागे बसवा.

मेकॅनिक न्यायलाच हवा?

हो, आणि त्याला पैसे देऊन. ओळखीने फुकट आलेला मेकॅनिक "ठीक आहे" म्हणून निघून जातो. विकणाऱ्याने आणलेला मेकॅनिक म्हणजे नवरदेवाच्या मामाला नवरदेवाबद्दल विचारणं.

कागदपत्रांत काय बघायचं?

एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाका: मालक कितवा, नोंदणीची तारीख, इंधन, विमा, बोजा (कर्जाची नोंद). चासी नंबर गाडीवर स्वतः वाचून आरसीशी जुळवा, फोटोवर जाऊ नका. ई-चलानं वेगळी तपासा. मोठी गाडी एक्स्प्रेसवेवर फिरलेली असेल तर वेगाची चलानं हमखास असतात, आणि ती विकणाऱ्यानेच भरायची.

कर्ज फिटलं तरी आरसीवरून बोजा उतरलेला नसतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, ज्याला बाजारात टीटी फॉर्म म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन "नंतर करू" हा प्रकार नको. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो आणि विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं. विकणारा आळस करत असेल तर त्याला सांगा, की सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय: अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो. मग तोच तुम्हाला आरटीओत घेऊन जाईल.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यांचा फास्टॅग बंद करायला लावा.

डीलरकडून की घरगुती मालकाकडून?

घरगुती. भावात फरक पडतोच, पण खरी गंमत अशी की मालकाच्या घरी गेलं की गाडी कळते. चपला नीट लावलेल्या घरातली गाडी मी अजून वाईट बघितलेली नाही.

ऑटोमॅटिक चालेल?

या बजेटमध्ये, एवढ्या किलोमीटरला, नको.

सोसायटीत बसेल का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, गाडी गेटवर आल्यावर. जुनी इनोव्हा जवळपास ४.६ मीटर लांब, स्विफ्टपेक्षा सुमारे पाऊण मीटर जास्त. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची सोय) असेल तर सेक्रेटरीकडून उंची आणि वजनाची मर्यादा लिहून घ्या. स्कॉर्पिओ दोन मीटरच्या जवळ उंच आहे, काही स्टॅकमध्ये खालच्या मजल्यावरही अडते. टेप घेऊन जा, खांबापासून खांबापर्यंत मोजा, आणि दार उघडून आई उतरेल एवढी जागा वेगळी धरा.

भाव कधी चांगला मिळतो?

माझा अनुभव असा, की गणपतीच्या आधीचा महिना आणि मे महिन्याची सुट्टी हे दोन्ही काळ सात सीटरसाठी वाईट. सगळ्यांना तेव्हाच हवी असते. जून-जुलैच्या भर पावसात बघायला जा. गिऱ्हाईक कमी, आणि छत, दारं, वायपर गळतात का ते न विचारता दिसतं.

आम्ही गावी वर्षातून दोनदाच जातो. एरवी लोकल आणि रिक्षा. तरी घेऊ का?

मग घेऊ नका. दोन वेळा ड्रायव्हरसकट इनोव्हा भाड्याने करा. विमा, पार्किंगचं भाडं, उभ्या गाडीची मरणारी बॅटरी, हे सगळं मांडलं की भाडं स्वस्त पडतं. मी हे आतापर्यंत तिघांना सांगितलं. दोघांनी गाडी घेतलीच. त्यातल्या एकाची आता सोसायटीच्या कोपऱ्यात उभी असते, कव्हर घालून, आणि तिच्यावर मांजरी झोपतात.